चारशे फुटांची खिडकी

वकिलांच्या गडद निळ्या कोटाला मास्तरांनी आतून काळा दोरा घातला. चूक लक्षात आली ती मास्तरांच्या नव्हे, त्यांच्या नवऱ्याच्या, आणि खरं दुखलं ते तिथे. नवरा म्हणजे कपाळावर सरकवलेला स्वतःचा चष्मा घरभर शोधणारा माणूस. त्याने कोट उचलला, दारात नेऊन उजेडात धरला, आणि एक अक्षर न बोलता परत आणून मशीनवर ठेवला. त्याने टोमणा मारला असता तर मास्तरांना एवढं लागलं नसतं. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी करून तो कुठे गप्प राहावं हे शिकला होता, आणि नेमका आज गप्प राहिला होता.

मास्तर म्हणजे बाई. कात्री हातात घेतली तेव्हापासून गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणत, आणि पुढे पुढे घरातही दुसरं काही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. चाळीस वर्षं त्या घराच्या पुढच्या खोलीत बसून शिवत होत्या. त्या खोलीला एक दार होतं, एक दिवा होता, आणि खिडकी नव्हती. त्या ओळीतल्या वीसही घरांना गल्लीच्या बाजूला खिडकी नव्हती. गल्लीकडे खिडकी काढायला नगरपालिकेची परवानगी लागे. ती मागता येत असे, पण मिळत नसे. का मिळत नाही हे पालिकेतही कुणाला आठवत नव्हतं, त्यामुळे नियम बदलायचं कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मास्तरांना सांगितलं की वयाच्या मानाने डोळे ठीक आहेत. काम दिवसाच्या उजेडात करा, ते जमत नसेल तर बारीक काम सोडून द्या.

"बारीक काम सोडून मी काय पोती शिवू?" मास्तर घरी आल्या आल्या नवऱ्याला म्हणाल्या. "मी खिडकी काढणार."

नवऱ्याने सांगून पाहिलं की शेजारच्या वहिनींनी दोनदा अर्ज केला होता, पलीकडच्या सुताराने तीनदा, आणि सगळ्यांच्या तोंडाला पानंच पुसली गेली. मास्तरांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन आल्या.

अर्जासोबत नकाशा जोडायचा होता. नवरा म्हणाला, नकाशा काढणाऱ्याकडे जाऊ. पण अर्जाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं की किरकोळ कामाचा नकाशा अर्जदाराने स्वतः काढला तरी चालेल. मास्तर चवताळल्याच. चाळीस वर्षं आपण जिवंत माणसांची मापं घेतली. पोट आत ओढणारी, खांदे पाडून उभी राहणारी, माप देताना खोटं बोलणारी माणसं. भिंत तर श्वाससुद्धा घेत नाही. तिचं माप काढायला दुसरा कशाला हवा?

त्यांनी कापणीचं टेबल रिकामं केलं, खाकी कागद पसरला आणि कोट बेततात तशी खिडकी बेतली. आता कोट बेतताना पाठीचा अर्धाच भाग काढतात. कागदाची कड कापडाच्या घडीवर ठेवायची, कापायचं, आणि उघडलं की पूर्ण पाठ. मास्तरांनी खिडकीही अर्धी काढली. दोन फूट रुंद, साडेतीन फूट उंच, आणि कडेला खडूने लिहिलं: 'घडीवर, दुहेरी'. आकडे कुठे घातले नाहीत. शिंप्याच्या कागदावर आकडे नसतात. कागद हेच माप असतं, कापडावर ठेवलं की झालं. नकाशाचं प्रमाण लिहायची एक चौकट अर्जात होती. ती त्यांनी कोरी सोडली. माप म्हणजे माप, त्याला आणखी प्रमाण ते कसलं, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग तो कागद आठ घड्या घालून अर्जाला टाचला आणि पालिकेत देऊन पोच घेतली.

पालिकेच्या नकाशा विभागात एक कारकून होता. सडपातळ, कानावर पेन्सिल, कामाला चोख. हातात आलेला कागद तो टाळत नसे, हेच त्याचं दुर्दैव. त्याने आठ घड्या उघडल्या. दोन टेबलं जोडली तेव्हा कागद मावला. प्रमाणाची चौकट कोरी होती, आणि चौकट कोरी असेल तर नकाशा एकास शंभर या प्रमाणात आहे असं समजावं, असा नियम होता. त्याने पट्टी लावली. दोन फूट गुणिले शंभर, दोनशे फूट. साडेतीन गुणिले शंभर, साडेतीनशे. शेजारी 'दुहेरी' लिहिलेलं पाहून त्याने दोनशेचे चारशे केले. मग उत्तर पुन्हा एकदा तपासलं. बरोबर होतं.

चारशे फूट रुंद आणि साडेतीनशे फूट उंच खिडकीचा अर्ज आल्यावर काय करायचं, याचीही नियमात सोय होती. ज्या ज्या घरावरून बांधकाम जाईल त्या प्रत्येक घराला नोटीस. मास्तरांचं घर ओळीच्या मधोमध. दोन्हीकडे दोनशे दोनशे फूट मोजल्यावर त्यात ओळीतली वीसही घरं आली. वीस नोटिसा गेल्या. पंधरा दिवसांत हरकत घ्यावी, न घेतल्यास संमती आहे असे गृहीत धरले जाईल. एक पत्र अग्निशमन दलालाही गेलं.

पहिल्यांदा आल्या त्या शेजारच्या वहिनी, नोटीस हातात घेऊन.

"मास्तर, तुमची खिडकी आमच्या घरावरून जाणारे म्हणे. मग पडदा आमचा लावायचा का तुमचा?"

पाठोपाठ सुतार आला. एवढ्या मोठ्या चौकटीला लाकूड मिळेल का याची त्याला खरोखरच काळजी लागली होती. दुपारी अग्निशमन दलाचा एक माणूस आला, दारात उभा राहून त्याने वर पाहिलं, घराची पन्हाळ अठरा फुटांवर होती, आणि तरीही वहीत लिहून घेतलं की आमची शिडी नव्वद फुटांपर्यंतच पोचते, त्यावरची काच कोण पुसणार ते अर्जदाराने ठरवावं. नवऱ्याने त्याला पाणी दिलं आणि सवयीने पुढे सरका म्हणाला.

मास्तर तडक पालिकेत गेल्या. कारकुनाने त्यांना बसायला खुर्ची दिली आणि सगळं नीट समजावून सांगितलं.

"कागदावर एक इंच म्हणजे जागेवर शंभर इंच. नियमच आहे तसा."

"आणि कागदावर चार फूट?"

"चारशे."

"माझं घर किती फुटांचं आहे?"

"ते नकाशात दाखवलेलं नाही," कारकून म्हणाला. त्याच्या आवाजात कुत्सितपणा अजिबात नव्हता. नकाशात घर नाही याचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं.

मास्तरांनी खिडकी चार फुटांचीच आहे हे तीन तऱ्हांनी सांगितलं. प्रत्येक वेळी तो मान डोलवायचा आणि म्हणायचा, पण आता नोंद झाली ना. घरी आल्यावर मास्तरांनी त्याचं नाव 'गुणिले' ठेवलं. संध्याकाळपर्यंत ते ओळभर झालं होतं.

आणि मग नकाराचं पत्र आलं. 'आपण योजिलेली खिडकी रुंदी चारशे फूट व उंची साडेतीनशे फूट इतकी असून तिला गज आहेत किंवा कसे याचा खुलासा केलेला नाही. सबब शेजाऱ्यांच्या संमतीअभावी परवानगी नाकारण्यात येत आहे. याच विषयावर पुढील तीन वर्षे नवा अर्ज घेतला जाणार नाही.'

नवऱ्याने पत्र दोनदा वाचलं. तीन वर्षं म्हणजे काही फार नाहीत, आपण एक मोठा दिवा लावू, असं काहीसं तो पुटपुटला.

"तीन वर्षांनी मला सुई दिसेल का?" मास्तर म्हणाल्या. "तेही त्यांनाच विचारून या."

त्याने मान खाली घातली. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं की बायको चिडलेली नाही, घाबरलेली आहे. सुई दिसेनाशी झाली की आपण कोण, हे मास्तरांना माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

वकील कोट न्यायला आले तेव्हा मास्तरांनी अस्तर उसवून निळ्या दोऱ्याने पुन्हा घातलं होतं. कोटाबरोबर त्यांनी नकाराचं पत्रही वकिलांच्या हातात दिलं. वकील आधी हसले. मग अपील करता येईल म्हणाले, पण अपिलात नवा नकाशा देता येत नाही, जे कागद फायलीत आहेत त्यांवरच बोलायचं. तेव्हा सरळ सांगू, बाईमाणसाने घरी काढलेला नकाशा, समज नव्हती, चूक झाली, माफ करा. अधिकाऱ्यांना दया येते कधीकधी.

"माझ्या कागदात चूक नाही," मास्तर म्हणाल्या. "तो भिंतीला लावा. सुताएवढा फरक निघाला तर कात्री खाली ठेवीन. माफी मागायची असेल तर गुणिल्यांनी मागावी."

"मास्तर, ते चारशे म्हणतात. तुम्ही चार म्हणता. नोंद त्यांची आहे. तुमच्याकडे काय आहे?"

मास्तरांकडे काय होतं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण हार मानायची तयारी नव्हती. रोज दुपारी मशीन बंद करून त्या फायलीची नक्कल घेऊन बसत. नवरा वाचून दाखवी, कारण ती अक्षरं त्यांना त्या खोलीत दिसत नसत. चौथ्या दिवशी त्यांनी त्याला मध्येच थांबवलं.

"नोटिशीची तारीख परत वाचा."

त्याने वाचली.

"मुदत किती दिली होती?"

"पंधरा दिवस."

"आणि नकाराची तारीख?"

नवऱ्याने बोटांवर मोजलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा मोजलं. नकार अकराव्या दिवशी लिहिला होता. तारखेला कपडा देणं हीच जिची अब्रू, त्या बाईला ही गोष्ट फार जिव्हाळ्याची होती. शेजाऱ्यांना पंधरा दिवस दिले आणि अकराव्या दिवशी त्यांची संमती नाही म्हणून मोकळे झाले. आणि पंधरा दिवस उलटल्यावरही हरकत कुणाची आली होती? मास्तर त्याच दुपारी ओळीतली सगळी दारं हिंडून आल्या. जी उघडी मिळाली तिथे कुणीच हरकत घेतली नव्हती. वहिनी म्हणाल्या, आमची खिडकी दोनदा नाकारली, आता तुमची कशाला अडवू. सुतार म्हणाला, मला आधी लाकडाचा भाव तरी कळू दे म्हटलं.

सुनावणी पालिकेच्याच वरच्या मजल्यावर होती. अपील ऐकणाऱ्या अधिकारी बाई निवृत्तीला टेकलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी फाइल उघडली, आठ घड्यांचा खाकी कागद उलगडला, टेबलावर मावेना म्हणून एक कड वकिलांना आणि एक कड गुणिल्यांना धरायला लावली. खडूची भुकटी त्यांच्या बाहीवर उडाली.

"ही खिडकी चार फुटांची दिसतेय," त्या म्हणाल्या.

"नियमाने चारशे," गुणिले कागदाआडून म्हणाला.

"तुम्हाला स्वतःला किती वाटते?"

"मला वाटून उपयोग नाही, बाई. प्रमाणाची चौकट कोरी आहे."

बाईंनी पालिकेला दुसऱ्यांदा विचारलं, नोंद दुरुस्त करणार का. गुणिल्याने कागदाची कड न सोडता मागे बसलेल्या आपल्या विभागाच्या साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, झालेली नोंद बदलायची पद्धत नाही, एकाची बदलली तर उद्या सगळे येतील. बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, म्हणजे पालिकेचं म्हणणं असंच की अर्ज चारशे फुटांचा आहे. साहेब ठामपणे हो म्हणाले.

मग वकिलांनी तारखा वाचल्या. साहेबांनी गुणिल्याकडे पाहिलं, गुणिल्याने कागदाकडे. बाईंनी नोटिशींच्या पोचपावत्या मोजायला घेतल्या. वीस निघाल्या, वीसही सह्यांच्या. हरकतींचं पाकीट उघडलं, त्यात अग्निशमन दलाचं शिडीचं पत्र तेवढं होतं, आणि ती हरकत नव्हती, माहिती होती.

आता वकिलांनी गोड बोलून चार फुटांची तडजोड मागावी असं ठरलं होतं. ते उठलेही. पण मास्तरांनी त्यांच्या कोटाची बाही धरून त्यांना खाली बसवलं.

"बाई, मी तीन वेळा चार फूट म्हटलं," त्या उभ्या राहून म्हणाल्या. "तीन वेळा मला चारशे ऐकवलं. ठीक आहे. त्यांच्याच मापाने न्याय करा. माझं काही म्हणणं नाही."

वकिलांनी कपाळाला हात लावला. अधिकारी बाईंनी चष्म्यावरून मास्तरांकडे एकदा पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं, पण ते हसू होतं असं कुणी शपथेवर सांगू शकलं नसतं. मग त्यांनी निकाल सांगायला घेतला. मुदत संपण्याआधी दिलेला नकार बेकायदा, सबब रद्द. वीस घरांची संमती गृहीत. अर्जातील खिडकी, पालिकेच्या नोंदीत असेल त्या मापाप्रमाणे, मंजूर.

गवंड्याने चौकट दोन दिवसांत बसवली. त्याने निकालासोबत परत मिळालेला मास्तरांचा कागद भिंतीवर घडीच्या रेघेने ठेवला, खडू फिरवला, कागद उलटा करून दुसऱ्या बाजूने फिरवला, आणि फोडलं. सुताएवढाही फरक निघाला नाही. सकाळी मास्तर मशीनवर बसल्या आणि सुईत पहिल्याच खेपेला दोरा ओवला गेला. त्यांनी तो काढला, पुन्हा ओवला. मग नवऱ्याची नजर चुकवून डोळे पुसले. रडायला आलं होतं आणि त्याची त्यांना लाज वाटत नव्हती, पण त्याने विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी वहिनी निकालाची नक्कल मागायला आल्या. त्यांनी ती उंबऱ्यातच उभ्याने वाचली. खिडकी चारशे फूट, वीस घरांच्या दर्शनी भिंतींतून. म्हणजे, त्यांनी हळूच विचारलं, आमच्या घरातूनही मंजूर झाली ना? मास्तरांनी वकिलांना निरोप धाडला. वकिलांनी निकाल उताणा पालथा वाचून पाहिला आणि कळवलं की खिडकी सलग एकच असावी असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. दुपारी वहिनींच्या भिंतीवर पहिला घण बसला. आठवडाभरात ओळीत नऊ खिडक्या झाल्या, आणि सुताराला काम पुरेनासं झालं.

पालिकेची तेव्हा झोप उडाली. एका सकाळी गुणिले मास्तरांच्या दारात उभा राहिला, कानावर पेन्सिल, हातात टाइप केलेला कागद. मास्तरांनी त्याला गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसवलं. कागदावर लिहिलं होतं की अर्जदार उरलेली तीनशे शहाण्णव फूट खिडकी स्वखुशीने सोडून देत आहे. खाली सहीची जागा होती.

"आणि नाही सोडली तर?"

"काही करता येत नाही," तो म्हणाला. "नोंद झालीय."

मास्तर सुईत दोरा ओवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"सोडणार नाही. ओळीतल्या अकरा घरांचं व्हायचंय अजून. तुम्ही राहता कुठे हो?"

गुणिल्याने कानावरची पेन्सिल सारखी केली. मग म्हणाला, इथेच, याच ओळीत, एकोणीस नंबरला. पाच महिने झाले बदली होऊन. मास्तरांचे हात थांबले. हा माणूस पाच महिने याच गल्लीतून जात होता आणि आपण पाहिला नाही, हे त्यांना आधी खरं वाटेना. मग लक्षात आलं, दिसणार कुठून होता. पुढे त्याने आपणहून सांगितलं की विसांतली एक नोटीस त्याने स्वतःलाच बजावली होती, घरी जाऊन स्वतःच पोच दिली होती, आणि हरकत घेतली नव्हती.

"का नाही घेतली?"

"आई असते घरी. दिवसभर दारात बसते, उंबऱ्यावर. आत उजेड नाही म्हणून." तो खिडकीकडे बघत होता. "थंडीतसुद्धा तिथेच बसते." दारं हिंडताना उंबऱ्यावरून हरकत नाही म्हणालेली म्हातारी मास्तरांना आठवली.

मास्तरांनी मशीन बंद केलं. त्याच्या हातातला कागद घेतला, चार घड्या घालून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारला, आणि टेबलावर खाकी कागद पसरला. खडू घेऊन त्या वाट बघत उभ्या राहिल्या.

"किती रुंद?"

गुणिल्याने दाराबाहेर एकदा पाहिलं. मग स्टुलावरून उठून तो टेबलापाशी आला आणि खाकी कागदाची कड दोन्ही हातांनी धरली.

"तीन फूट," तो म्हणाला. "पण मास्तर, खऱ्या मापाने काढा."